गिरणीतून घरात: दक्षिण गुजरातमधील सर्फॅक्टंट पुरवठ्याचा इतिहास

कापड धुण्याची रसायने प्रथम कापड विकणाऱ्यांच्या गरजेतून वाढली आणि कापड वापरणाऱ्यांच्या घरात ती पुष्कळ उशिरा पोहोचली, हा क्रम युरोपात जसा दिसतो तसाच सुरत आणि तिच्या भोवतालच्या दक्षिण गुजरातच्या इतिहासातही दिसतो. धुण्याची पावडर, भांड्यांचा द्रव साबण, शांपू आणि टूथपेस्ट यांच्या कारखानदारांना आज ज्या मूळ द्रव्याचा पुरवठा होतो त्याला व्यापारात सर्फॅक्टंट आणि शास्त्रीय मराठीत पृष्ठसक्रिय पदार्थ म्हणतात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाणारे आणि दुसरे, लांब शेपटीसारखे टोक तेलाकडे ओढले जाणारे असते. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी तंतूंत शिरते आणि तेलकट मळ या शेपट्यांच्या वेढ्यात सापडून पाण्याबरोबर निघून जातो. साबण हा याच कुळातला सर्वांत जुना पदार्थ होय. मात्र कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी त्याचा संयोग होऊन चिकट साका धरतो, आणि ही उणीव, तसेच युद्धकाळात पडलेली तेल-चरबीची टंचाई, यांतून विसाव्या शतकात कृत्रिम सर्फॅक्टंटांचा मोठा उद्योग उभा राहिला.

मराठी वाचकाला सुरत आठवते ती 1664 आणि 1670 मधील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे. परंतु त्या स्वाऱ्यांत जी संपत्ती हाती लागली तिच्या मुळाशी कापडाचा समुद्रपार व्यापार होता, आणि ते कापड जहाजावर चढण्यापूर्वी धुऊन शुभ्र करावे लागे, याकडे सहसा लक्ष जात नाही. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात खळ, तेलाचे डाग आणि कापसाचा नैसर्गिक मेणकट अंश असतो. तो काढल्याशिवाय त्यावर रंग नीट चढत नाही आणि परदेशी गिऱ्हाईक ते स्वीकारीत नाही. सतराव्या शतकात भारतात येऊन गेलेला फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हेर्निए याने नर्मदेकाठच्या भरूचविषयी लिहिताना तेथील पाणी कापड शुभ्र करण्यास विशेष उपयुक्त मानले जाते आणि त्यासाठी दूरदूरहून कापड तेथे आणले जाते, अशी नोंद केली आहे. या कामी लिंबांचाही उपयोग होत असे. भरूच ते सुरत हे अंतर सत्तर किलोमीटरांच्या आत-बाहेरचे असल्यामुळे सुरतेच्या वखारींना हे धोबीकाम जवळच उपलब्ध होते. येथे धुणे हे निर्यात उद्योगातले एक स्वतंत्र, पगारी आणि कौशल्याचे काम होते. घरातल्या स्त्रीच्या राख, रिठा आणि शिकेकाईच्या धुण्याशी त्याचा संबंध फारसा नव्हता.

या कामाला लागणारे क्षार स्वतंत्र व्यापाराचे पदार्थ होते. विदर्भातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यापासून मिळणाऱ्या क्षारांचा उल्लेख ऐन-ए-अकबरीत काच आणि साबण यांच्या उत्पादनाची साधने म्हणून येतो, आणि त्यातून राजसत्तेला महसूलही मिळत असे. खेडा जिल्ह्यातील कपडवंज हे गाव ब्रिटिश काळातील गॅझेटियरांत साबण, काच आणि तुपाचे चामडी बुधले यांसाठी नोंदलेले आढळते; साबण आणि काच हे दोन्ही धंदे एकाच गावी असणे स्वाभाविकच होते, कारण दोघांनाही क्षाराची गरज असते. सुरतेत त्यात आणखी एका गरजेची भर पडली. किनखाब आणि जरीच्या कामासाठी लागणाऱ्या कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचे डिंकासारखे आवरण असते. ते क्षाराच्या आणि साबणाच्या कढत पाण्यात उकळून उतरवल्याशिवाय रेशमाला झळाळी येत नाही. अर्थात साबण पुरवठ्याची खरी बाजारपेठ येथेही रेशीमवाल्याच्या आणि रंगाऱ्याच्या दारातच होती.

युरोपातला क्रम नेमका असाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एरंडेल तेलावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून ‘टर्की रेड ऑइल’ नावाचे द्रव्य तयार होऊ लागले, आणि त्याला कृत्रिम सर्फॅक्टंटांचा पूर्वज मानण्याचा प्रघात आहे. त्याचा उपयोग लाल रंग कापडावर एकसारखा बसवण्यासाठी होत असे. पहिल्या महायुद्धात चरबीची टंचाई पडल्यावर जर्मनीत ‘नेकाल’ हे पदार्थ निघाले, तेही कापड ओले करण्याच्या कामासाठी; पुढे 1930 च्या सुमारास मेदाम्लांपासून आणि मेदअल्कोहोलांपासून बनवलेली द्रव्ये आली तीही प्रथम गिरण्यांनीच उचलली. घरगुती वापराची पावडर अमेरिकेत 1933 मध्ये ‘ड्रेफ्ट’च्या रूपाने आणि खऱ्या अर्थाने 1946 मध्ये ‘टाइड’च्या रूपाने बाजारात आली. म्हणजे गृहिणीच्या हातातली पावडर ही गिरणीच्या रंगखात्याची धाकटी बहीण होती. टर्की रेड ऑइलचा कच्चा माल असलेला एरंडा गुजरातेत विपुल पिकतो, पण त्याच्या आधारे येथे स्वतंत्र सर्फॅक्टंट उद्योग लगेच उभा राहिला नाही. एरंडेल प्रामुख्याने निर्यातीचा माल राहिला, आणि प्रक्रिया केलेली द्रव्ये बराच काळ आयातच होत राहिली. वसाहतकालीन व्यापाराची ही नेहमीचीच रीत होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. कस्तुरभाई लालभाई यांनी 1947 मध्ये स्थापलेला आणि 1952 मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेला ‘अतुल’ हा रंगद्रव्यांचा कारखाना पारनेरा टेकडीजवळ उभा राहिला. तो भाग त्यावेळी सुरत जिल्ह्यात मोडत होता आणि 1964 मध्ये वेगळ्या झालेल्या वलसाड जिल्ह्यात गेला. पुढे 1962 मध्ये स्थापन झालेल्या गुजरात औद्योगिक विकास महामंडळाने वापी, अंकलेश्वर, पांडेसरा, सचीन अशा वसाहती उभारल्या, त्यांत गंधकाम्ल, क्षार आणि पिंपे हाताळण्याची सवय असलेला एक मोठा वर्ग तयार झाला. सर्फॅक्टंटांच्या दृष्टीने या सवयीचे मोल कारखान्यांच्या इमारतींपेक्षा अधिक होते.

घरगुती बाजारपेठ मात्र वरून खाली आली. हिंदुस्थान लीव्हरने 1959 मध्ये ‘सर्फ’ आणले, आणि ती पावडर उंच मनोऱ्यात गरम हवेच्या झोताने सुकवून पोकळ कण तयार करणाऱ्या भांडवलखाऊ पद्धतीने बनत असल्यामुळे तिची किंमत शहरी मध्यमवर्गालाच झेपणारी होती. तिच्यातला मुख्य सक्रिय घटक अल्किल बेंझिनपासून बनतो. सुरुवातीच्या काळात जगभर वापरल्या गेलेल्या अल्किल बेंझिनाच्या शेपटीला फाटे असत, नदीतील जीवाणूंना ती पचत नसे, आणि 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागल्यावर सरळ शेपटीच्या प्रकाराकडे, म्हणजे लिनिअर अल्किल बेंझिनकडे, उद्योग वळला. व्यापारात त्याला ‘लॅब’ असेच म्हणतात. केरोसिनमधून सरळ साखळीचे पॅराफिन वेगळे काढायचे, त्यातील हायड्रोजन कमी करून ते बेंझिनला जोडायचे आणि उरलेले केरोसिन शुद्धीकरण कारखान्याला परत करायचे, अशी ही प्रक्रिया असल्यामुळे तिचा कारखाना तेलशुद्धीकरणाच्या शेजारीच शोभतो. सरकारी मालकीच्या इंडियन पेट्रोकेमिकल्सने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस वडोदऱ्याजवळ असा कारखाना चालू केला. त्यानंतर मद्रासजवळ मनाली येथे तमिळनाडू पेट्रोप्रॉडक्ट्स, रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे रिलायन्स, 1990 च्या दशकात वडोदऱ्याजवळ अलिंद्रा येथे निरमा आणि 2004 मध्ये कोयली येथे वर्षाला 1 लाख 20 हजार टन क्षमतेचा इंडियन ऑइलचा कारखाना, अशी रांग लागली.

परंतु लॅबने कपडे धुतले जात नाहीत. त्यावर गंधकाम्लाची किंवा गंधक ट्रायऑक्साइडची प्रक्रिया करून सल्फोनिक आम्ल करावे लागते. हे दाट, तपकिरी, तीव्र आम्लधर्मी द्रव्य भारतीय बाजारात ‘ॲसिड स्लरी’ या नावाने ओळखले जाते, आणि विकसनशील बाजारपेठेतील सर्फॅक्टंट पुरवठ्याचा सगळा इतिहास या एका द्रव्याभोवती सांगता येईल. मोठे कारखाने गंधक जाळून मिळवलेला वायू कोरड्या हवेत विरळ करून, नळ्यांच्या भिंतीवरून पातळ थराने उतरणाऱ्या लॅबवर सोडतात; त्यातून फिकट रंगाचा, शुद्ध माल मिळतो, पण यंत्रसामग्रीचा खर्च मोठा असतो. लहान कारखानदाराला हे परवडणारे नसल्यामुळे तो ढवळणी असलेल्या एका भांड्यात लॅबमध्ये तीव्र गंधकाम्ल हळूहळू सोडतो, भांडे बाहेरून थंड ठेवतो, मग थोडे पाणी घालून मिश्रण स्थिर होऊ देतो, आणि खाली बसलेले वापरलेले आम्ल काढून घेतो. हे आम्लही वाया जाण्याजोगे नसते. सुपर फॉस्फेट खताच्या किंवा तुरटीच्या कारखान्याला ते चालते. अशा छोट्या भांड्यांमुळे लॅबचा टँकर आणि गल्लीतली पावडर यांच्यामध्ये एक मधली पायरी निर्माण झाली.

या पायरीचे महत्त्व निरमाच्या इतिहासात स्पष्ट होते. गुजरात सरकारच्या खाण खात्यात रसायनतज्ज्ञ असलेल्या करसनभाई पटेल यांनी 1969 मध्ये अहमदाबादेत घरगुती स्वरूपात सुरू केलेली पिवळी पावडर सर्फच्या सुमारे चौथाई किमतीला विकली जात होती, आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिने खपात सर्फला मागे टाकले, ही कथा सर्वश्रुत आहे. ती बहुधा जाहिरातीची किंवा एका उद्योजकाच्या जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. वास्तविक तिचे अर्धे श्रेय पुरवठ्याच्या रचनेला द्यावयास हवे. मिठापूर आणि ध्रांगध्रा येथील कारखान्यांमुळे सोडा ॲश गुजरातच्या दारातच होती, आणि ॲसिड स्लरी मिळू लागताच दोन्ही फरशीवर फावड्याने कालवली की आम्ल आणि क्षार यांचा संयोग होऊन, त्यातून निघणाऱ्या उष्णतेने अर्धवट सुकलेली पावडर तयार होत असे. मग ती पसरून वाळवायची, चाळायची आणि पिशवीत भरायची. मनोरा नको, बाष्पक नको, वीजही नको. विजेशिवाय चालणाऱ्या उत्पादनाला अबकारी करातून सूट असल्यामुळे ही गरिबी उलट फायद्याची ठरली. हिंदुस्थान लीव्हरला उत्तरादाखल ‘व्हील’ ही स्वस्त पावडर आणावी लागली ती 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, तोपर्यंत निरमाच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्या असंख्य स्थानिक पावडरी गुजरात आणि महाराष्ट्राच्या आठवडी बाजारांत दिसू लागल्या होत्या.

या स्थानिक उत्पादकांना माल पुरवणाऱ्याचे काम मोठ्या कारखान्याच्या विक्री विभागापेक्षा सर्वस्वी वेगळे होते. ग्राहकाची मागणी टँकरची नसून दोन-चार पिंपांची असे. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नसे, साठवणीची जागा नसे आणि रोख पैसा तर मुळीच नसे. त्यामुळे स्लरीबरोबर सोडा ॲश, ग्लॉबर मीठ, डोलोमाइटची पूड, रंग आणि सुगंध असे सगळे एकाच पेढीवरून देणारा, उधारी सांभाळणारा आणि पावडर ओलसर राहिली तर सोडा किती वाढवावा हेही सांगणारा व्यापारी हाच या धंद्याचा कणा झाला. कापडाच्या दलालीत आणि रंगरसायनांच्या व्यापारात सुरतेने जी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या जोपासली होती, तिच्याशी हे काम तंतोतंत जुळणारे होते. या व्यवहारात शंका नेहमी एकाच मुद्द्यावर येई: पिंपात सक्रिय घटक किती आणि पाणी किती? भारतीय मानक संस्थेने घरगुती धुण्याच्या पावडरीसाठी आयएस 4955 हे मानक आखून तीन प्रती ठरवल्या, पण ज्याच्याकडे मोजण्याचे साधन नाही त्याला मानकाचा उपयोग मर्यादितच होता, आणि पुरवठादाराची पत हीच त्याची प्रयोगशाळा राहिली.

सुरतेत मात्र याहून मोठे गिऱ्हाईक शहरातच बसले होते. कृत्रिम रेशमाच्या आणि नंतर पॉलिएस्टरच्या यंत्रमागांनी शहराला वेढल्यावर पांडेसरा, सचीन, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात रंगाई-छपाईच्या शेकडो गिरण्या उभ्या राहिल्या. खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेला मराठी कामगार उधना आणि लिंबायत भागांत स्थायिक झाला तो मुख्यतः याच धंद्यांच्या आधाराने. या कापडाच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर सर्फॅक्टंट लागतो. पॉलिएस्टरच्या धाग्यावर कारखान्यातच तेलाचा पातळ लेप चढवला जातो आणि तो पाण्यात मिसळणारा राहावा म्हणून त्यात इमल्सिफायर असतो. पुढे गिरणीत हेच तेल धुऊन काढावे लागते. कापडाला रेशमासारखी नरमाई यावी म्हणून कॉस्टिक सोड्याने पॉलिएस्टरचा पृष्ठभाग कुरतडून त्याचे वजन घटवण्याची प्रक्रिया सुरतेत फार चालते, आणि ती वेगाने व्हावी यासाठी धनभारित टोकाचे, क्वाटर्नरी अमोनियम वर्गातले सर्फॅक्टंट मिसळतात. गंमत अशी की, घरच्या बादलीत फेस म्हणजे गुणवत्ता मानली जाते, तर रंगाईच्या जेट यंत्रात कापड वेगाने फिरत असताना फेस झाला की कापड तरंगून गुंतते, म्हणून रंगाईवाला कमी फेसाचे द्रव्य मागतो. एकाच पुरवठादाराला या दोन परस्परविरोधी अपेक्षा सांभाळाव्या लागतात, आणि या कसरतीतून जे मिश्रणशास्त्र शिकले गेले ते पुढे शांपू आणि द्रव साबणांच्या कामी आले असे मानण्यास जागा आहे.

कमी फेसाची ही द्रव्ये बहुधा इथिलिन ऑक्साइडपासून बनतात, आणि येथे भूगोल पुन्हा निर्णायक ठरतो. इथिलिन ऑक्साइड जवळजवळ 11 अंश सेल्सिअसला उकळते, विषारी असते आणि हवेशी मिसळून स्फोटक होते. ते नायट्रोजनच्या आच्छादनाखाली, दाबाच्या टँकरांतून वाहून न्यावे लागते, आणि म्हणून त्यावर प्रक्रिया करणारा कारखाना मूळ उत्पादनस्थळापासून फार दूर नसलेला बरा. सुरतेजवळ तापीच्या मुखाशी हजिरा येथे रिलायन्सचे पेट्रोरसायन संकुल 1990 च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले, वडोदरा आणि दहेज येथील उत्पादन त्याच्या जोडीला होते, आणि परिणामी हजिरा ते वडोदरा हा महामार्गाचा तुकडा अशा द्रव्यांच्या, म्हणजे इथॉक्सिलेटांच्या, उत्पादकांसाठी देशातील सर्वांत सोयीचा प्रदेश झाला. गोदरेजने मेदअल्कोहोलाचा कारखाना भरूच जिल्ह्यातील वालिया येथे उभारला होताच. ताव्हेर्निएने ज्या भरूचच्या धोबीकामाची नोंद केली, त्याच जिल्ह्यात आता धुण्याचे रेणू घडू लागले. फरक इतकाच की आधीच्या काळी लोक कापड घेऊन पाण्याकडे येत आणि आता द्रव्य पिंपांत भरून सगळीकडे जाऊ लागले.

वैयक्तिक निगेच्या बाजारपेठेतले मुख्य द्रव्य सोडियम लॉरिल इथर सल्फेट हे होय. व्यापारात त्याला ‘एसएलईएस’ म्हणतात. पाम कर्नल किंवा खोबरेल तेलापासून मिळणाऱ्या लॉरिल अल्कोहोलला इथिलिन ऑक्साइडचे एक ते तीन रेणू जोडायचे, मग त्यावर गंधक ट्रायऑक्साइडची प्रक्रिया करून कॉस्टिक सोड्याने उदासीन करायचे, की 70 टक्के सक्रिय घटकाचा अर्धपारदर्शक लगदा तयार होतो. याचा एक चमत्कारिक गुण पुरवठ्याच्या व्यवहाराला वळण देणारा ठरला. 70 टक्क्यांचा लगदा वाहतो, 28 टक्क्यांचे द्रावणही वाहते, परंतु या दोहोंच्या मधल्या प्रमाणात रेणूंची मांडणी बदलून ते ताठ जेल होते. लगद्यावर बेताबेताने पाणी ओतणाऱ्या नवख्या उत्पादकाच्या भांड्यात गुठळ्या होतात आणि त्या तासन्‌तास विरघळत नाहीत. योग्य रीत म्हणजे भरपूर पाण्यात लगदा थोडा थोडा सोडून हलके ढवळणे, पण त्यासाठीही वेळ आणि ढवळणी हवी. म्हणून मोठा ग्राहक लगदा घेतो आणि छोटा ग्राहक पाण्याचे भाडे भरूनही 28 टक्क्यांचे तयार द्रावण घेतो, आणि प्रत्येक किलो सक्रिय घटकामागे गरीब उत्पादक श्रीमंतापेक्षा अधिक पैसे मोजतो. पुढचे काम सोपे असते: द्रावणात साधे मीठ घातले की ते दाट होते, फार घातले की पुन्हा पातळ होते, आणि खोबरेल तेलापासून बनलेल्या बीटेन या सर्फॅक्टंटची जोड दिली की फेस मऊ आणि त्वचेला सौम्य होतो.

या द्रव्याची मागणी वाढवली ती शांपूच्या पुडीने. तमिळनाडूत 1980 च्या सुमारास ‘वेल्व्हेट’ने आणि 1983 पासून ‘चिक’ने शांपू पुडीत घातला, तो खेड्यापाड्यांत पोहोचला, आणि शिकेकाईवर वाढलेल्या पिढीच्या घरात एसएलईएसचा प्रवेश झाला. त्याच 1980 मध्ये मुंबईत काही तरुण मित्रांनी भागीदारीत सुरू केलेली गॅलॅक्सी सर्फॅक्टंट्स ही पेढी तारापूर आणि तळोजा येथून वाढत भरूच जिल्ह्यातील झगडिया आणि इजिप्तमधील सुएझ येथवर पोहोचली, आणि 2018 मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. बहुराष्ट्रीय कंपन्या आणि स्थानिक नाममुद्रा या दोघांनाही माल देणारा भारतीय पुरवठादार या काळात घडला, ही या उद्योगातली खरी नवी गोष्ट होय. त्याआधी पुरवठादार एक तर मोठ्यांचा असे किंवा छोट्यांचा.

मोठ्या आणि छोट्या उद्योगांचे हितसंबंध मात्र एक झाले नाहीत. केंद्र सरकारने 2017 मध्ये चीन, इराण आणि कतार येथून स्वस्तात येणाऱ्या लॅबवर डंपिंगविरोधी शुल्क बसवले तेव्हा देशातील लॅब उत्पादकांना संरक्षण मिळाले, पण तेच शुल्क स्लरी बनवणाऱ्या आणि पावडर कालवणाऱ्या लहान उद्योगाच्या दृष्टीने कच्च्या मालाची महागाई होती. रेणू घडवणारा आणि रेणू वापरणारा यांच्यातली ही ओढाताण आयातीच्या काळातही होती आणि स्वदेशी उत्पादनानंतरही उरली. दुसऱ्या टोकाला, इथिलिन ऑक्साइडच्या प्रक्रियेत नकळत तयार होणाऱ्या डायॉक्सेन या उपद्रवी द्रव्यावर न्यूयॉर्क राज्याने 2022 च्या अखेरीपासून दहा लाख भागांत दोन भागांची आणि वर्षभराने धुण्याच्या व त्वचास्वच्छतेच्या उत्पादनांसाठी एका भागाची मर्यादा घातली, त्यामुळे तिकडे विकल्या जाणाऱ्या उत्पादनासाठी पुरवठादाराला लगद्यातून डायॉक्सेन वाफेबरोबर काढून टाकण्याची वेगळी यंत्रणा लावावी लागते. ही यंत्रणा चालवणारा कारखाना तिचा खर्च निर्यातीच्या भावात वसूल करू शकतो. सुरतेच्या उपनगरात हात धुण्याचा द्रव साबण भरणारा उत्पादक हा खर्च देऊ शकत नाही, आणि त्याच्यासाठी पिंपाचा भाव आणि उधारीची मुदत याच दोन गोष्टींवर अजून सौदा ठरतो.